चौगले मॅडमची बॅटरी

लग्न असो, बारसं असो की शोकसभा असो, चौगले मॅडम दारातून आत आल्या की आधी एकच प्रश्न विचारायच्या. "जनरेटर आहे का?"

समोरचा यजमान हात जोडून 'या, या' म्हणायच्या बेतात असायचा. त्याचं 'या' तोंडातच राहायचं. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी हा प्रश्न थेट माझ्या सासऱ्यांना विचारला. सासऱ्यांना वाटलं, ही मांडववाल्याकडची बाई. "तो तुम्हीच आणायचा ठरलंय की! आता ऐन अक्षतांच्या वेळेला मला काय विचारताय?" म्हणून ते उलट त्यांच्यावरच चढले. मॅडमना राग आला नाही. त्या मांडवाच्या मागं गेल्या, मांडववाल्याला गाठलं, जनरेटर एकदा सुरू करायला लावला आणि मगच येऊन अक्षता टाकल्या. एका निवृत्त प्राध्यापकांच्या शोकसभेत तर दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. त्या शांततेत शेवटच्या रांगेतून त्यांची कुजबुज सगळ्या हॉलला ऐकू आली. "मामा, लाईट गेली तर काय सोय हाय?"

सोय नसली तर खांद्यावरच्या कापडी पिशवीत बॅटरी होतीच. बॅटरी म्हणजे टॉर्च. तीन सेलची, पत्र्याची, उसाला रात्रीचं पाणी पाजायला जाताना लोक नेतात तसली. ती भर दुपारी, डोकं तापवणाऱ्या उन्हातसुद्धा त्यांच्या खांद्याला लोंबत असायची. विद्यार्थी त्यांना पाठीमागं बॅटरी मॅडम म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

या बाई काही विजेच्या खात्यात नोकरीला नव्हत्या. त्या विद्यापीठात नृत्य शिकवायच्या, आणि तेही मॉडर्न. मी अर्थशास्त्र शिकवायचो. आमचा संबंध दोन कारणांनी आला. एक म्हणजे क्वार्टर्समध्ये आमची भिंतीला भिंत होती. दुसरं, माझा आवाज मोठा, त्यामुळे कुठलाही कार्यक्रम असला की निवेदनाला मलाच धरून नेत. शिवाय दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते कळल्याशिवाय मला घास गिळवत नाही. बायको याला भोचकपणा म्हणते. मी जिज्ञासा म्हणतो.

नव्वदच्या सुमाराला मॅडम बडोद्याहून शिकून आल्या तेव्हा मॉडर्न डान्स म्हणजे काय हे कोल्हापुरात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. घुंगरू नाहीत, ढोलकी नाही, नाचणारी मध्येच जमिनीवर आडवी होते आणि बराच वेळ उठत नाही. पहिल्या वर्षी एका मुलीचे वडील तालीम बघायला आले आणि घाबऱ्या घाबऱ्या शिपायाकडं धावले. "पोरगीला फीट आलीया आणि मास्तरीण नुसती बघत बसलीया व्हय?"

मॅडम मूळच्या कोडोलीच्या. मीटिंगमध्ये त्या अगदी छापील बोलत. 'मी सांगते', 'मी बघते'. पण तालमीच्या हॉलमध्ये एकदा अंगात आलं की 'सांगते'चं 'सांगतो' व्हायचं आणि 'आहे'चं 'हाय'. बडोद्यात शिकलेले सगळे इंग्रजी शब्द त्यांनी कोडोलीच्या गोठ्यात नेऊन बांधले होते. पोट आत ओढून पाठ गोल करायची असेल तर, "गार पाण्याचा तांब्या पाठीवर वतल्यागत कर." अंग सैल सोडायचं असेल तर, "पान्हा सोड, पान्हा!" आणि एखादी मुलगी हातचं राखून नाचायला लागली की टाळी वाजवून तालीम थांबवत. "तेजस्विनी, पान्हा चोरू नको!"

ज्यांच्या घरी म्हैस नाही त्यांच्यासाठी सांगतो. कधीकधी म्हैस दूध असूनही वर ओढून धरते. रेडकासाठी राखते म्हणा, नाहीतर माणूस पसंत नाही म्हणून म्हणा, पण सोडत नाही. त्याला पान्हा चोरणं म्हणतात. शहरातल्या मुलांना हे कळेना, म्हणून एक दिवस मॅडमनी सगळा वर्ग गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेला. तिथं गवळी म्हशी घेऊन येतात आणि गिऱ्हाईकाच्या देखत धार काढून पेला हातात देतात. मॅडमनी मुलांना एका म्हशीभोवती गोल उभं केलं.

"मान बघा तिची. आता पाठ बघा. आता अंग सोडतीया बघा, आत्ता! ह्येला म्हणतात सोडणं!"

गवळी आधी लाजला, मग वैतागला. "ओ बाई, दूध प्याचं हाय का म्हस इकत घ्याची हाय?"

"शिकायचं हाय," मॅडम म्हणाल्या.

गवळ्यानं आपल्या म्हशीकडं नीट बघून घेतलं. रोजच्यापेक्षा वेगळं काही त्याला दिसेना. "मग जरा मागं सरून शिका की," तो म्हणाला, "एवढी माणसं बघून ती बावरलीया." शेवटी सगळे एकेक पेला धारोष्ण दूध प्यायले आणि वर्ग सुटला.

मॅडमचं नाव झालं ते 'धार' नावाच्या नृत्यावर. बडोद्याहून आल्या आल्या त्यांनी ते एकटीनं केलं होतं. मी तेव्हा नोकरीला लागायचा होतो, त्यामुळे ते मी ऐकूनच पाहिलं. एक बाई दिवसभराची कामं करते, शेवटी चरवी, म्हणजे धार काढायचं पितळी भांडं, दोन्ही हातांत धरून उठते, पुढं येते आणि अचानक काळाकुट्ट अंधार. संपलं. तो अंधार इतका गाजला की त्यावर चर्चासत्र झालं. कुणी म्हणालं ही तलवारीची धार, कुणी म्हणालं शोषणाची, एक बाहेरगावचे पाहुणे म्हणाले काळाची. कोल्हापुरात ज्याला धार कळत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, पण मॉडर्न म्हटल्यावर समोर दिसतंय ते कुणी धरत नाही. त्या वेळच्या पेपरचं कात्रण विभागप्रमुख देसाई सरांनी काचेत घालून आपल्या खोलीत लावलं होतं. त्यात मॅडमचा फोटो होता, उकिडव्या बसलेल्या, कपाळ हवेला टेकवलेलं. खाली लिहिलं होतं, 'भूमीशी संवाद'. आणि ठळक अक्षरांत मॅडमचं वाक्य, 'अंधार हाच शेवट असतो.'

त्यानंतर मॅडमनी ते नृत्य पुन्हा कधी केलं नाही. विद्यार्थ्यांनी विचारलं तर, "झालं ते. नवीन करा काहीतरी," एवढंच.

दोन हजारनंतरची ती लोडशेडिंगची वर्षं. दिवसातून दोनदा-तीनदा वीज जायची आणि अख्खं गाव मॅडमसारखं जनरेटर आहे का म्हणून विचारायला लागलं होतं. त्यातच एका वर्षी विभागाचा वर्धापनदिन आला आणि देसाई सरांनी जाहीर केलं की यंदा नृत्याचा मोठा कार्यक्रम करायचा. मुलांची नवी नृत्यं आणि त्यांच्या जोडीला 'धार'चं पुनरुज्जीवन. देसाई सर सज्जन माणूस, पण 'मूळ बरहुकूम' हा त्यांचा आवडता शब्द. चहासुद्धा ते मूळ बरहुकूम करायला सांगत. तो मूळचा कसा होता ते कॅन्टीनवाल्याला कधी कळलं नाही.

मॅडम हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मला निवेदन लिहायचं होतं, म्हणून मी त्यांच्याकडं गेलो. त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या, एक सतरंजी आणि एक माणूस. सणासुदीला आमची क्वार्टर्स ओस पडायची, जो तो आपल्या गावाकडं पळायचा. मॅडमच्या खिडकीत तेवढा दिवा असायचा. कोडोली एवढी जवळ, पण त्यांना कधी पिशवी भरून गावाला निघालेलं मी बघितलं नव्हतं. मॉडर्न बाई आहेत, त्यांना कशाला हवी दिवाळी, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

"मॅडम, त्या अंधारानंतर काय असतं?" मी विचारलं.

"लाईट," त्या म्हणाल्या.

"तसं नव्हे. नृत्यात. चरवी घेऊन ती बाई निघते, ती कुठं निघते?"

मॅडमनी चहाचा कप माझ्या पुढ्यात सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

"मॅडम," मी म्हणालो, "पान्हा चोरताय तुम्ही."

मी आपलं थट्टेनं म्हटलं होतं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागतंय. पण दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्याच आमच्या दारात. "सर, तुमची गाडी हाय न्हवं? मला कोडोलीला न्याल? धारंच्या टायमाला पोचाय पायजे." आणि गाडीत बसल्यावर वाठारचा फाटा येईपर्यंत त्यांनी जेवढं सांगितलं तेवढं त्याआधीच्या सगळ्या शेजारात सांगितलं नव्हतं.

त्यांची आई लहानपणीच गेली. थोरली बहीण हौसाआक्का तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. तिनं मंदाला, म्हणजे आमच्या मॅडमना, वाढवलं. चार म्हशी पाळल्या, दूध डेरीला घातलं आणि त्या दुधावर धाकटीला बडोद्याला धाडलं. गावानं नावं ठेवली, पोरगी नाचाय शिकाय गेलीया म्हणून. आक्का म्हणाली, "मी म्हसरामागं नाचतोयच की. तिला जरा बऱ्या जागी नाचू द्या."

आम्ही पोचलो तेव्हा आक्का गोठ्यात होत्या. साठीला टेकलेली बारीक बाई. उकिडव्या बसलेल्या, गुडघ्यांत चरवी धरलेली, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलेलं. मी दारातच थबकलो. देसाई सरांच्या काचेतला फोटो माझ्यापुढं बसला होता. फक्त फोटोत म्हैस नव्हती. भूमीशी संवाद म्हणे!

"आक्का, आलो," मॅडम म्हणाल्या.

"दिसतंय की." आक्कांनी मान वळवली नाही. "ह्ये पावणं कोण?"

"आमचं सर हाईत. नाचाच्या आधी बोलत्यात."

"कुठला नाच?"

"त्योच. परत लावलाय. तू ये बघाय."

धार थांबली. आमच्याकडं रुसलेलं माणूस ज्याच्यावर रुसलंय त्याच्याशी बोलत नाही, मध्ये पाहुणा असला तर त्याला सांगतं. आक्का माझ्याकडं वळल्या.

"पावणं, तुमी शिकल्यालं, तुमीच सांगा. हिनं माझी सारी जिंदगी नाचून दावली. वैरण तोडताना, शेण भरताना, धार काढताना. मी फुडच्या वळीत बसलोतो. लई बरं वाटलं. म्हटलं, कोणतरी बघत हुतं म्हणायचं आपल्याकडं. आणि शेवटाला काय केलं हिनं? काळामिट्ट आंधार. हौसाच्या जन्मात नुसता आंधार! आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. मी त्या आंधारातनंच उठलो आणि एश्टी धरली."

"लाईट गेलती, आक्का." मॅडमचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "नुसती लाईट गेलती. फुडं होतं अजून."

"मग पेपरात?" आता आक्का त्यांच्याकडं वळल्या. "वाचून घेतलाय म्या पेपर. आंधार हाच शेवट असतो. तूच म्हटलीयास न्हवं? का त्ये बी लाईटनंच म्हटलं?"

मॅडम गव्हाणीला धरून उभ्या होत्या. त्या पहिल्या नाचाच्या वेळी नवी नोकरी होती, हॉलभर माणसं 'वा, काय शेवट!' म्हणत होती, पत्रकारानं विचारलं की अंधाराची कल्पना कशी सुचली, आणि त्यांच्या तोंडून एक वाक्य गेलं. छापून आलं. पुढं आक्काची समजूत घालायला त्या दोनदा कोडोलीला आल्या होत्या, पण छापलेल्या वाक्यापुढं सांगितलेलं टिकेना. मग जाणंच तुटलं. हे सगळं मला परतीच्या वाटेवर कळलं.

"पावणं, तुमी जरा भायेर थांबा," आक्का म्हणाल्या. "म्हस पान्हा चोरतीया. परकं माणूस दिसलं की चोरती."

ऐन वेळी माझी जिज्ञासा गोठ्याबाहेर काढली गेली. मी कुडाला कान लावला, लपवत नाही. पण आत दोघी इतक्या हळू बोलत होत्या की एक अक्षर कळलं नाही. बराच वेळ तसाच गेला. मग चरवीत धार पडल्याचा आवाज यायला लागला. मॅडम बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि हातात एक जुनी, पोचे आलेली पितळी चरवी होती. तीच ती, पहिल्या नाचातली.

"काय म्हणाल्या?"

"नाच दुपारच्या आत उरका म्हटली. सांजच्या धारंला घरी पायजे."

"म्हणजे येणार?"

"बघू म्हटली."

कार्यक्रम संध्याकाळऐवजी रविवारी सकाळी अकराला ठेवा, अशी अट मॅडमनी घातली. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून ठेवली असणार, असं समजून देसाई सरांनी कौतुकानं मान डोलावली. विद्यापीठाचा सांस्कृतिक कार्यक्रम एका म्हशीच्या सोयीनं ठरला, हे मला आणि मॅडमनाच माहीत होतं.

मग तालमी सुरू झाल्या. 'धार' तेजस्विनी करणार होती. मॅडमनी तिला शेवट शिकवला, खरा शेवट. चरवी घेऊन बाई मंचाच्या पायऱ्या उतरते, पहिल्या रांगेतल्या एका बाईपुढं धारेला बसतात तशी बसते आणि चरवी तिच्या ओटीत ठेवते. देसाई सरांनी ते बघितलं आणि ते हवालदिल झाले.

"मॅडम, पुनरुज्जीवन म्हणजे मूळ बरहुकूम! शेवटी अंधार पाहिजे. कात्रण आहे माझ्याकडे."

"सर, तो अंधार माझा न्हाय. विजेच्या खात्याचा हाय."

देसाई सर मोठ्यानं हसले. कलावंताची विनोदबुद्धी म्हणून ती गोष्ट त्यांनी चार लोकांना सांगितली, आणि परस्पर जाऊन दिवेवाल्याला सूचना दिली. तेजस्विनी चरवी उचलून पुढं आली की सगळे दिवे बंद. मूळ बरहुकूम.

रविवार उजाडला. हॉलबाहेर एक सोडून दोन जनरेटर उभे होते. मॅडमनी दोन्ही सुरू करून बघितले, दोन्हीतलं डिझेल बघितलं. बॅटरीत नवे सेल घातले. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले, पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची रिकामीच. मॅडम पडद्याआडून डोकावत होत्या आणि दर वेळी माझ्याकडं बघून मान हलवत होत्या. मी निवेदन जितकं लांबवता येईल तितकं लांबवलं. प्रमुख पाहुण्यांचा परिचय तर दोनदा करून दिला.

आधी मुलांची नवी नृत्यं झाली. एकात सगळे कानाला हात लावून इकडून तिकडं पळत होते, त्याचं नाव 'मोबाईल'. एक जागतिकीकरणावर होतं, त्यात पोरं खोकी घालून आली आणि एक खोक्यासकट पडला. वारणानगरच्या एका पोरानं ऊस केला. तो चरकात शिरला, पिळला गेला, पलीकडून चिपाड होऊन बाहेर पडला आणि मंचावर वाऱ्यानं हलत राहिला. लोक आधी हसले आणि मग गप्प झाले. मला ते फार आवडलं. टाळ्या चालू असतानाच मागचं दार उघडलं आणि उजेडाबरोबर आक्का आत आल्या. कडक नऊवारी, डोक्यावर पदर, एकट्याच. कुणाला काही न विचारता त्या सरळ चालत पुढं आल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या.

मी माझं लिहून आणलेलं निवेदन खिशात घातलं. "यानंतर धार," मी म्हणालो. "म्हशीची धार काढणाऱ्या एका बाईचं हे नृत्य आहे." एवढंच. देसाई सरांनी कपाळाला हात लावला.

तेजस्विनी सुरेख नाचली. वैरण तोडली, शेणाची पाटी उचलली, कपाळ हवेला टेकवून धारेला बसली. मी आक्कांकडं बघत होतो. त्यांची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. मग तेजस्विनी चरवी उचलून उठली, पुढं आली, पायरीवर पाऊल टाकणार, आणि हॉल अंधारात बुडाला.

"जनरेटर!" मॅडम आतून ओरडल्या.

बाहेरून जनरेटरवाल्याचा आवाज आला, "चालू करू व्हय? पण लाईट गेलीच न्हाय की, मॅडम!"

तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. देसाई सरांच्या त्यात सगळ्यात मोठ्या. त्या आवाजात पहिल्या रांगेत एक खुर्ची करकरली. कुणीतरी उठत होतं.

"टाळ्या बंद करा!" मॅडम ओरडल्या, आणि ते 'बंद करा' कोडोलीच्या शिवारातलं होतं, विद्यापीठातलं नव्हतं. "संपलं न्हाय अजून! बसा खाली! आक्का, बस!"

बॅटरी लागली. उजेडाचा एक गोळा मंचावर थरथरत आला. त्यात घाबरून जागच्या जागी उभी राहिलेली तेजस्विनी दिसली. तिनं चरवी मॅडमपुढं धरली. मॅडमनी ती घेतली, पण एका हातात चरवी, एका हातात बॅटरी, वर साडी, पायऱ्या उतरता येईनात. "सर, धरा जरा," म्हणून त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली. आयुष्यात मॉडर्न डान्समध्ये मी एवढंच काम केलंय. मी उजेड धरला आणि त्या पायऱ्या उतरल्या. नाचत नव्हत्या. चालत गेल्या, आक्कांपुढं उकिडव्या बसल्या आणि चरवी त्यांच्या ओटीत ठेवली.

आक्कांनी चरवीत वाकून बघितलं.

"माझी चरवी मलाच देतीस," आक्का म्हणाल्या, "आणि ती बी रिकामी?"

मॅडमना हसू आलं की रडू ते बॅटरीच्या उजेडात कळेना. आक्कांनी त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "एवढंच हुतं व्हय फुडं? मग आधी सांगायचं न्हाईस, येडे?"

तेवढ्यात दिवेवाल्यानं गोंधळून सगळे दिवे एकदम लावले. लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. मीच सुरुवात केली.

नंतर एक तरुण पत्रकार वही काढून मॅडमपुढं उभा राहिला. "मॅडम, बॅटरीच्या प्रकाशाची कल्पना कशी सुचली?"

"सुचली न्हाय," मॅडम म्हणाल्या. "आमच्या सायबांनी लाईट घालवली. आणि त्या टायमाला बी लाईटच गेलती. त्ये पण लिवा." देसाई सर शेजारीच होते. ते चहाची व्यवस्था बघायला निघून गेले.

आक्का निघाल्या ती चरवी घेऊन. दारात थांबून त्यांनी माझ्या हातातल्या बॅटरीकडं बोट दाखवलं. "ती पण द्या हिकडं, पावणं. गोठ्यात लागती. हिला हितं काय करायची हाय?" मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी मान हलवली आणि मी बॅटरी देऊन टाकली.

दिवाळीच्या आधी एका सकाळी दुधाचा टेम्पो आमच्या दारात थांबला. ड्रायव्हरनं तोंडाला फडकं बांधलेली एक पितळी चरवी उतरवली. "कोडोलीहून हाय, मॅडमना द्या म्हटल्यात," तो म्हणाला. आक्कांची म्हैस व्याली होती आणि चरवीत चीक होता, खरवसाचा. मॅडमना स्वयंपाकातलं चहापलीकडं काही येत नव्हतं, म्हणून खरवस माझ्या बायकोनं केला. मॅडम आमच्या व्हरांड्यात बसून खात होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मध्येच "वेलची बरोबर पडलीया" म्हणत होत्या. एवढी वर्षं ही बाई भिंतीपलीकडं एकटी जेवत होती आणि आम्ही तिला मॉडर्न म्हणत बसलो, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

दिवाळीला क्वार्टर्स ओस पडली. आम्ही कुलूप लावत होतो तेव्हा मॅडमनीही दाराला कुलूप लावलं. हातात घासूनपुसून लखलखीत केलेली चरवी. फडकं बांधलेलं.

"कोडोलीला?" मी विचारलं.

"चरवी द्याय नको?"

"फडक्याखाली काय आहे?"

"सर, तुमचं आपलं कायम सुरूच," त्या म्हणाल्या, पण फडकं बाजूला करून दाखवलं. तळाशी मूठभर साखर होती. तीत तीन सेल उभे रोवलेले.

"भांडं रिकामं परत देत न्हाईत आमच्यात," मॅडम म्हणाल्या. "आणि आक्काच्या बॅटरीतलं सेल एव्हाना संपलं असतील."